उसनं टोकन: मार्च २०२५मधल्या एका पाइपलाइन-चोरीचा अभ्यास

१४ मार्च २०२५, शुक्रवार. आपल्याकडे धुळवड होती. रात्रीचे साडेनऊ वाजत आले होते आणि बऱ्याच जणांच्या कानामागचा रंग अजून निघायचा होता. त्याच सुमाराला जगभरातल्या शेकडो सॉफ्टवेअर प्रकल्पांच्या बिल्डमध्ये, म्हणजे कोडपासून चालतं सॉफ्टवेअर घडवणाऱ्या कामात, एक पायरी जास्तीची चालू लागली. कुणाचं बिल्ड लाल झालं नाही. चाचण्या पास होत होत्या, हिरव्या खुणा उमटत होत्या, फक्त लॉगमध्ये मध्येच कुठेतरी अगम्य अक्षरांची एक लांबलचक ओळ छापली जात होती. त्या ओळीत त्या प्रकल्पाच्या किल्ल्या, म्हणजे पासवर्डसारखी गुप्त ओळखपत्रं, होत्या.

हे सगळं घडलं ते टीजे-ॲक्शन्स या खात्याच्या ‘चेंज्ड-फाइल्स’ नावाच्या अवजारामुळे. त्याचं काम अगदी साधं: या बदलात कोणकोणत्या फाइली बदलल्या, एवढं सांगायचं. ते कळलं की पुढचं ठरवता येतं. कुणी फक्त माहितीपत्रक सुधारलं असेल, तर मोबाइल ॲपचं अर्ध्या तासाचं बिल्ड कशाला चालवायचं? एकाच रेपोत, म्हणजे कोडच्या कोठारात, दहा सेवा नांदत असतील तर या एका पायरीने भरपूर वेळ आणि पैसा वाचतो. म्हणून २३,००० हून जास्त रेपोंनी ते आपापल्या पाइपलाइनमध्ये, म्हणजे बिल्डपासून डिप्लॉयपर्यंत आपोआप चालणाऱ्या पायऱ्यांच्या साखळीत, जोडलं होतं.

पाइपलाइन रोज वापरणाऱ्यांपैकी अनेकांनी ती स्वतः कधी उभारलेली नसते, म्हणून थोडं मागे जातो. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर अशा पाइपलाइन चालवणारं गिटहब ॲक्शन्स नोव्हेंबर २०१९मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. रेपोत ठरलेल्या फोल्डरमध्ये यॅमल या साध्या लेखनपद्धतीतली एक फाइल ठेवायची. कधी चालायचं आणि काय चालवायचं, ते त्यात लिहायचं. कुणी कोड ढकलला की गिटहब एक कोरं आभासी यंत्र उभं करतं, त्याला रनर म्हणतात. रनर कोड उतरवून घेतो, बिल्ड करतो, चाचण्या चालवतो, हवं तर क्लाउडवर चढवतो. काम संपलं की यंत्र मोडीत. सार्वजनिक रेपोंना हे फुकट असल्यामुळे मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात त्याचा प्रसार फार झपाट्याने झाला.

प्रत्येक पायरी स्वतः लिहायची गरज नसते. ‘यूजेस’ अशी एक ओळ टाकून दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलं ॲक्शन आणता येतं: अमक्या खात्याचं तमकं ॲक्शन, आवृत्ती व्ही४५. सोय मोठी आहे, आणि घोळ त्या ‘व्ही४५’मध्येच आहे. वाचताना वाटतं की आपण एक ठरावीक आवृत्ती पक्की केली. पण गिटमधला (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रणालीतला) टॅग म्हणजे दारावर अडकवलेली पाटी. आज या दारावर आहे, उद्या काढून शेजारच्या दारावर लावता येते. ज्याच्याकडे रेपोत लिहिण्याचा अधिकार आहे त्याला ते करता येतं. त्याची किल्ली चोरली तर चोरालाही. याउलट कमिटचा, म्हणजे नोंदवलेल्या बदलाचा, ४० अक्षरांचा हॅश त्या मजकुरातूनच निघालेला असतो. मजकूर बदलला की हॅश बदलतो, त्यामुळे जुन्या हॅशखाली नवा माल सरकवता येत नाही.

चोराने नेमकं हेच हेरलं. त्याने एक विषारी कमिट तयार केला आणि जवळजवळ सगळे जुने आवृत्ती-टॅग त्याच्याकडे वळवले. कमिटवर लेखक म्हणून नाव होतं रेनोव्हेट बॉटचं, म्हणजे अवलंबित पॅकेजं अद्ययावत करत फिरणाऱ्या त्या यांत्रिक नोकराचं. त्याचे कमिट दिवसाला इतके येतात की ते कुणी उघडूनही बघत नाही. शिवाय हा कमिट मुख्य रेपोच्या कुठल्याच शाखेत नव्हता, लोंबकळत होता. त्यामुळे मुख्य शाखेचा इतिहास चाळणाऱ्याला सगळं जागच्या जागी दिसलं असतं.

आता रनरवर काय झालं ते नीट बघण्यासारखं आहे. ॲक्शनने आधी एका गिस्टवरून, म्हणजे गिटहबवर कोडचे छोटे तुकडे ठेवायच्या जागेवरून, पायथनची छोटी स्क्रिप्ट उतरवली. गिटहबच्या लिनक्स रनरवर सुडो ही सर्वाधिकार देणारी आज्ञा वापरायला पासवर्ड लागत नाही, तेव्हा स्क्रिप्ट थेट सर्वाधिकाराने चालली. तिने रनरची कामं हाकणारी प्रक्रिया शोधली आणि तिची स्मृती वाचून काढली. त्या कामाला दिलेली सगळी सीक्रेट्स, म्हणजे गुप्त किल्ल्या, त्या क्षणी तिथेच, स्मृतीत, उघडी असतात. स्क्रिप्टने ‘हे गुपित आहे’ अशी खूण असलेल्या नोंदी वेचल्या, त्यांना दोनदा बेस६४ या कूटरूपात बदललं आणि लॉगमध्ये छापलं.

दोनदा का? गिटहब लॉगमधली सीक्रेट्स तारकांनी झाकतं, हे खरं. पण झाकणारी यंत्रणा ठरावीक अक्षरं जशीच्या तशी शोधते, कूटरूपात आलेलं गुपित तिला ओळखू येत नाही. आणि लॉगमध्येच का? स्वतःच्या सर्व्हरवर पाठवलं असतं तर सर्व्हरचा पत्ता मागे राहिला असता. सार्वजनिक रेपोचे लॉग मात्र कुणालाही वाचता येतात. चोराने माल घरी नेलाच नाही. मालकाच्या अंगणात उघड्यावर मांडून ठेवला, म्हणजे जाता-येता उचलता येईल. खासगी रेपोंचं नुकसान त्यामुळे बरंच मर्यादित राहिलं, कारण त्यांचे लॉग बाहेरच्याला दिसत नाहीत.

हे उघडकीला आलं ते स्टेपसिक्युरिटी या कंपनीच्या हार्डन-रनर या अवजारामुळे. रनर कुणाकुणाशी बोलतो याची ते नोंद ठेवतं. रोज त्याच चार ठिकाणी जाणारं काम त्या दिवशी अचानक गिस्टच्या पत्त्यावर गेलं आणि नोंद लाल झाली. लक्षात घ्या, कोड वाचून, चाचणी करून किंवा कमिट तपासून हे कुणालाही सापडलं नव्हतं. आंधळा दळत होता आणि कुत्रं पीठ खात होतं. जात्याचा आवाज मात्र रोजचाच होता.

१५ मार्चला गिटहबने ते ॲक्शनच काढून टाकलं. मग खरोखरीच सगळीकडे बिल्ड लाल झाली, कारण यूजेसच्या ओळीला आता समोर काही सापडेना. अनेक जणांना या घटनेचा पत्ता तेव्हाच लागला. त्याच दिवशी उशिरा रेपो साफ होऊन परत आला आणि पाठोपाठ ४६.०.१ ही आवृत्ती निघाली. घटनेला सीव्हीई-२०२५-३००६६ हा सुरक्षात्रुटींच्या नोंदीतला क्रमांक मिळाला. १८ मार्चला अमेरिकेच्या सिसा या सायबरसुरक्षा संस्थेने तो प्रत्यक्ष वापरल्या गेलेल्या त्रुटींच्या यादीत घातला.

नुकसान किती? २३,००० हा आकडा बातम्यांत गाजला, पण तो वापरणाऱ्यांचा आकडा आहे. एंडॉर लॅब्स या सुरक्षा कंपनीने मोजदाद केली ती जास्त बोलकी आहे. त्यांनी पाहिलेल्या ५,४१६ रेपोंपैकी ६१४ रेपोंत त्या काळात हे काम चाललं आणि २१८ रेपोंच्या लॉगमध्ये सीक्रेट्स छापली गेली. त्यातली बहुतेक गिटहबने त्या एका कामापुरती दिलेली टोकनं, म्हणजे पासवर्डच्या जागी चालणारे परवाने, होती, काम संपताच मरणारी. काहींची मात्र डॉकर हब, एनपीएम आणि एडब्ल्यूएस या बाहेरच्या सेवांची कायमस्वरूपी ओळखपत्रं बाहेर पडली. एकाच चोरीत कुणाचं काहीच गेलं नाही आणि कुणाची तिजोरी उघडी पडली. हा फरक त्यांनी आपापली पाइपलाइन कशी बांधली होती त्यातून आला, आणि तोच पुढे कामाचा आहे.

पण आधी मागचा माग काढू. चोराकडे चेंज्ड-फाइल्समध्ये लिहिण्याचा अधिकार आला कुठून? टीजे-ॲक्शन्सच्या बॉट खात्याचं वैयक्तिक टोकन चोरीला गेलं होतं. ते कसं गेलं? विझ या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी माग काढला तेव्हा दुसरंच नाव पुढे आलं: रिव्ह्यूडॉग, कोडवर आपोआप शेरे देणारा प्रकल्प. त्यांच्या ‘ॲक्शन-सेटअप’चा व्ही१ टॅग ११ मार्चला जेमतेम दोन तासांसाठी विषारी कमिटकडे वळवला गेला होता. भारतीय वेळेनुसार ती मध्यरात्र होती, १२ तारखेचे सव्वाबारा ते दोन. टीजे-ॲक्शन्सचं आणखी एक ॲक्शन हा टॅग वापरत होतं, आणि चेंज्ड-फाइल्सच्या स्वतःच्या पाइपलाइनमध्ये ते ॲक्शन चालायचं, तेही बॉटचं टोकन हातात देऊन. त्या दोन तासांत पाइपलाइन चालली आणि टोकन गेलं.

म्हणजे पाइपलाइनचं अवजार बनवणाऱ्यांची स्वतःची पाइपलाइनच फुटली होती.

आणि रिव्ह्यूडॉगमध्ये चोर कसा शिरला? हे कोडं काही आठवड्यांनी पालो आल्टो नेटवर्क्सच्या युनिट ४२ या पथकाने सोडवलं, आणि माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथे आहे. स्पॉटबग्ज हे जावा कोडमधले दोष शोधणारं जुनं, भरवशाचं अवजार. त्याच्या एका जोड-प्रकल्पात, सोनार-फाइंडबग्जमध्ये, पाइपलाइन काही केल्या नीट चालत नव्हती. २८ नोव्हेंबर २०२४ला एका मेंटेनरने, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याने, अडचण सोडवण्यासाठी त्यात स्वतःचं वैयक्तिक टोकन घातलं. पाइपलाइन चालू झाली.

मला या माणसावर बोट ठेवावंसं वाटत नाही, कारण मी स्वतः हे केलेलं आहे. शुक्रवारी संध्याकाळी डिप्लॉय अडकलेलं, परवानगी नाही म्हणून चूक येतेय, ज्याच्याकडे अधिकार आहेत तो रजेवर. मग माझंच टोकन टाकलं, ‘आत्ता चालू दे, सोमवारी नीट करू’ म्हणून. तो सोमवार पुढे कित्येक महिने उजाडला नाही.

वैयक्तिक टोकनाचा तोटा असा की ते प्रकल्पाचं नसतं, माणसाचं असतं. तो माणूस जिथे जिथे जाऊ शकतो तिथे तिथे ते टोकन जाऊ शकतं. या मेंटेनरला स्पॉटबग्जच्या मुख्य रेपोतही अधिकार होते. ६ डिसेंबरला चोराने सोनार-फाइंडबग्जला एक पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘माझा बदल घ्या’ अशी विनंती, पाठवली. बाहेरच्या माणसाची पुल रिक्वेस्ट आली की गिटहब एरवी तिच्या बिल्डला सीक्रेट्स देत नाही. तो नियम चांगला आहे. पण काही कामांना सीक्रेट्स लागतातच, म्हणून ‘पुल रिक्वेस्ट टार्गेट’ नावाचा दुसरा प्रकार ठेवलेला आहे. त्यात काम मूळ रेपोच्या हक्काने, त्याच्या सीक्रेट्ससकट चालतं. अशा कामात पाहुण्याचा कोड उतरवून चालवला की संपलं: पाहुण्याला स्वयंपाकघरात नेऊन वर कपाटाच्या किल्ल्याही दिल्यासारखं होतं. इथे तेच झालं.

टोकन हाती लागल्यावर चोर गप्प बसला. तीन महिने. हे मला सगळ्यात भीतीदायक वाटतं. डिसेंबरात चोरलेली किल्ली मार्चमध्येही त्याच कुलपाला लागत होती. ११ मार्चला त्याने ती वापरून स्वतःच्या एका खात्याला स्पॉटबग्जमध्ये सदस्य करून घेतलं आणि तिथली सगळी सीक्रेट्स बाहेर काढणारी पाइपलाइन ढकलली. त्या सीक्रेट्समध्ये आणखी एका मेंटेनरचं वैयक्तिक टोकन सापडलं, आणि हा मेंटेनर रिव्ह्यूडॉगमध्येही काम करायचा. दोन्ही घरांचा उंबरठा एकाच टोकनाला मोकळा होता. तिथून चेंज्ड-फाइल्सपर्यंतचा प्रवास वर आलाच आहे.

एवढा खटाटोप कशासाठी? पहिलं लक्ष्य होतं कॉइनबेसचा ‘एजंटकिट’ हा सार्वजनिक प्रकल्प. कॉइनबेस म्हणजे आभासी चलनांची मोठी बाजारपेठ, तेव्हा चोराची नजर कुठे होती हे वेगळं सांगायला नको. एजंटकिटची एक पाइपलाइन चेंज्ड-फाइल्स वापरायची. १४ मार्चला सर्वांवर हल्ला होण्याच्या थोडं आधी चोराला त्या रेपोत लिहिण्याचा हक्क देणारं टोकन मिळालंही. पण तिथून पुढे काही साधलं नाही. प्रकल्पाला किंवा इतर मालमत्तेला धक्का लागला नसल्याचं कॉइनबेसने सांगितलं, आणि ती पाइपलाइन काढून टाकली. मोठा मासा निसटल्यावर चोराने जाळं सरसकट पसरलं असावं, असा संशोधकांचा अंदाज आहे. बाकीचे शेकडो प्रकल्प त्या जाळ्यात आले.

त्या आठवड्यात जो तो एकच उपाय सांगत होता: टॅग नको, ॲक्शन पूर्ण हॅशने बांधा. बरोबरच आहे. ज्यांनी आधीपासून जुन्या हॅशने बांधलं होतं ते सुटले. ऑगस्ट २०२५मध्ये गिटहबने संस्थांना ही सक्ती धोरण म्हणून लावायची सोयही दिली. पण याच प्रकरणात त्या उपायाची गळती दिसते. तुम्ही बाहेरचं ॲक्शन हॅशने बांधलंत, पण त्याच्या पोटातलं दुसरं ॲक्शन टॅगने येत असेल, तर पोटातला टॅग मोकळाच राहतो. टीजे-ॲक्शन्सचं टोकन अशाच पोटातल्या टॅगमधून गेलं. आणि हॅश अद्ययावत करायला बॉट नेमला असेल आणि तो न विचारता बदल मर्ज करत, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळत, असेल, तर तो विषारी हॅशही तितक्याच तत्परतेने आणून ठेवतो. नव्या आवृत्तीला थोडे दिवस मुरू द्यावं. पापडसुद्धा आपण लाटल्या लाटल्या तळत नाही.

माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे, आणि ती पाइपलाइन उभारतानाच करावी लागते: कामं तोडणे. एका रनरच्या स्मृतीत त्या कामाला दिलेलीच सीक्रेट्स असतात. ‘कोणत्या फाइली बदलल्या’ हे विचारणाऱ्या कामाला क्लाउडची किल्ली कशाला? पण बहुतेक यॅमल फाइलींत एकच लांबलचक काम असतं. वर फाइली मोजणं, मध्ये चाचण्या, खाली डिप्लॉय, आणि सगळी सीक्रेट्स सुरुवातीलाच ओतलेली. हेच तीन कामांत तोडलं तर तीन वेगळी यंत्रं मिळतात. पहिल्यात चोर शिरला तरी त्याच्या हाती मरू घातलेलं एक टोकन लागेल. २१८ रेपोंतल्या बहुतेकांचं निभावलं ते अशाच अल्पायुषी टोकनावर.

त्या टोकनाचे हक्कही छाटायला हवेत. फेब्रुवारी २०२३पासून नव्या रेपोंना आणि संस्थांना ते मुळातच फक्त वाचण्यापुरतं मिळतं, पण त्याआधीची जुनी घरं तशीच राहिली. तुमचा रेपो त्याआधीचा असेल तर ‘परमिशन्स’ची ओळ स्वतः लिहा.

वैयक्तिक टोकनाला तर पाइपलाइनमध्ये जागाच नको. दुसऱ्या रेपोत लिहायचंच असेल तर गिटहब ॲप करून त्याचं टोकन घ्या. ते तासाभरात मरतं आणि ठरवून दिलेल्या रेपोंबाहेर जात नाही. क्लाउडसाठी ओआयडीसी ही ओळख पटवण्याची पद्धत वापरली की किल्ली साठवावीच लागत नाही. रनर दरवेळी ‘मी अमक्या रेपोच्या अमक्या शाखेचं काम’ अशी सही केलेली ओळख दाखवतो आणि क्लाउड त्याला थोड्या वेळाचा परवाना देतं. उभारायला अर्धा दिवस जातो, आणि चुकांचे संदेश डोकं फिरवणारे असतात, हे कबूल. तो अर्धा दिवस वाचवण्यासाठीच माणूस स्वतःचं टोकन टाकतो.

कुणी अशा घटनेत सापडलंच, तर क्रम चुकवू नका. पहिली ऊर्मी लॉग पुसायची होते. लॉग पुसल्याने बाहेर गेलेलं परत येत नाही. आधी किल्ल्या बदला, जुन्या रद्द झाल्या याची खात्री करा, त्या किल्लीने मधल्या काळात काय काय उघडलं ते क्लाउडच्या नोंदींत बघा, आणि मग लॉग काढा. त्याआधी त्याची एक प्रत तपासासाठी ठेवा.

शेवटी मूळ अवजाराबद्दल. कोणत्या फाइली बदलल्या हे गिट स्वतःच सांगतं. दोन कमिटमधला ‘डिफ’, म्हणजे फरक, फक्त नावांपुरता मागितला की यादी मिळते. मग २३,००० रेपोंनी त्यासाठी तिऱ्हाईताचं ॲक्शन का आणलं? कारण गिटहबची कोड उतरवून घेणारी ‘चेकआउट’ ही पायरी सवयीने एकच, शेवटचा कमिट उतरवते. आधीचा कमिटच नसतो, डिफ चूक झाल्याचा संदेश देऊन थांबतो, आणि घाईतला माणूस शोधायला लागतो की हे आयतं कोण करून देतं. चेकआउटच्या पायरीत ‘फेच-डेप्थ’ शून्य केलं की पूर्ण इतिहास येतो आणि ती डिफची ओळ चालते. मोठ्या रेपोत त्याला थोडा वेळ जास्त लागतो.